डायरेक्टर दहाव्याला बसला

वाल्मिक मेंगाळला राग यायला कारण लागत नाही, हे मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एसटी उशिरा आली तर तो कंडक्टरशी भांडतो, आणि वेळेवर आली तर आज कशी काय वेळेवर, म्हणूनही भांडतो. चहा गोड झाला की राग. चहा देताना कोणी 'घ्या डायरेक्टर' म्हटलं की जास्त राग. पण त्याचा खरा राग बघायचा असेल तर लग्नात बघावा. डीजेवर 'निघाली गो निघाली' लागलं की हा माणूस पंगतीतून उठायचा. तोंडात घास असला, पानात जिलबी असली, तरी उठायचा आणि चपला पायात न घालता हातात घेऊन चालू लागायचा.

गंमत अशी की ते गाणं त्याचंच.

मोबाईलवर गाण्याखाली लिहिलेलं आहे: गीत, संगीत, दिग्दर्शन, सगळं वाल्मिक मेंगाळ. धसईच्या बाजारपेठेपासून डोळखांबच्या डोंगरपाड्यांपर्यंत गेली नऊ वर्षं एक हळद त्या गाण्याशिवाय लागलेली नाही. दुसऱ्या कोणाचं गाणं एवढं गाजलं असतं तर त्याने गळ्यात चेन घातली असती आणि कपाळाला गॉगल लावून फिरला असता. हा दात खात फिरायचा. का, ते सांगायचं तर त्याच्या बापापासून सुरुवात करावी लागते.

बाप सुदाम मेंगाळ. डोंगराच्या अंगाला भात आणि नाचणी करणारा, दोन बैलांचा धनी, बोलायला कंजूष. पण मुरबाडच्या या टोकाला त्याला ओळखत नाही असं घर नव्हतं, कारण जवळजवळ प्रत्येक घरातल्या मेलेल्या माणसाला तो वाटेला लावून आला होता. आमच्याकडच्या पाड्यांवर कोणी गेलं की दहाव्याच्या दिवशी थाळ लावतात. काशाचा थाळ पालथा घालायचा, मधोमध मेणाचा गोळा बसवायचा, त्यात काडी उभी करायची. राख लावलेली बोटं काडीवरून खाली ओढली की थाळ घुमतो. त्या घुमण्यावर गाणारा गातो आणि मेलेल्या माणसाला, त्याचं नाव घेऊन, तीन खिंडींतून डोंगराच्या पल्याड पोचवून येतो. गाणारा म्हणजे कमळूबाबा. आता ऐंशीला टेकलेला. आणि त्याच्या समोर बसून प्रत्येक ओळीला 'हं' म्हणणारा म्हणजे सुदाम.

'हं' म्हणणं यात काय मोठंसं, असं वाटेल. पण ते 'हं' मेलेल्या माणसाच्या वतीने असतं. कमळूबाबा विचारणार, घोंगडी खुंटीला ठेवलीस का. सुदाम म्हणणार, हं. बैलांना पाणी दाखवलंस का, हं. हुंकार देणाऱ्याने एकदा बसल्यावर उठायचं नाही. पाणी नाही, तंबाखू नाही, पाय मोकळे करणं नाही. हुंकार तुटला तर मेलेला माणूस गाणं जिथपर्यंत आलं असेल तिथेच उभा राहतो, अर्ध्या डोंगरात. सुदाम चाळीस वर्षांत एकदाही उठला नव्हता. एकदा एका म्हातारीच्या दहाव्याला बसल्या जागी त्याला विंचू चावला. गाणं संपेपर्यंत तो घाम गाळत 'हं' म्हणत राहिला आणि मग टोकावड्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरने विचारलं, कधी चावला? तर म्हणाला, ती म्हातारी पयल्या खिंडीत होती तवा.

वाल्मिक लहानपणी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून ते सगळं ऐकत झोपायचा. मोठा झाल्यावर त्याला लाज वाटायला लागली. माझ्या बापाची जिंदगी 'हं' म्हणण्यात गेली, असं तो मित्रांत सांगायचा आणि हसायचा. बारावी नापास झाल्यावर मुरबाडला एका फोटोवाल्याकडे लाइट धरायला लागला. मग लाइट सोडून कॅमेरा धरला आणि लग्नांचं शूटिंग करू लागला. पाठवणीच्या वेळी हा नवरीला सांगायचा, ताई, परत रडा, फोकस गेला होता. नवऱ्या रडायच्या बिचाऱ्या. एका नवरीच्या आईने त्याला झाडू घेऊन मांडवाबाहेर काढलं आणि जाता जाता म्हणाली, मोठा डायरेक्टर लागून गेलास. तिथून ते नाव चिकटलं.

ओहोळापलीकडच्या पाड्यावरचा किशोर त्याचा जोडीदार. किशोरकडे स्पीकर होते, याच्याकडे कॅमेरा. हळदीचा हंगाम तोंडावर आला आणि दोघांना नवीन गाणं पाहिजे होतं. चाल सुचेना. वाल्मिक गुणगुणायला लागला, किशोरने खाली ठेका टाकला आणि दुपारी दोनच्या आत गाणं तयार. मेलेल्यासाठी कमळूबाबा गायचा, 'निघाला गो निघाला, डोंगराचे पल्याड निघाला'. याने 'निघाली' केलं आणि खुंटीवरच्या घोंगडीच्या जागी नवरीचा शालू घातला. आपण थाळाची चाल उचललीय हे त्याला तेव्हा कळलं होतं की नव्हतं, यावर पाड्यावर अजून दोन तट आहेत. त्याची बायको सारिका सांगते, कळलं होतं. रेकॉर्डिंगहून आला तो दोन दिवस नीट जेवला नाही.

गाणं पहिल्यांदा वाजलं ते पाड्यावरच्याच लग्नात. पोरं नाचली, बाया नाचल्या. सुदाम पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढत होता. त्याने बादली खाली ठेवली, जरा वेळ उभा राहिला आणि घरी गेला. कमळूबाबा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी काठी आपटत दारात आला आणि वाल्मिकला म्हणाला, "मेलेल्याची वाट नाचवलीस तू. आता पुढं कोणाला पोचवायचा मी, नि कुठल्या वाटेनं?"

त्या दिवसापासून सुदाम पोराशी बोलला नाही. नऊ वर्षं. घर एक, चूल एक, आणि मध्ये सारिका. सारिका, त्याला सांग पेंढा संपलाय. सारिका, त्याला इचार मोटारसायकल हलवतो का. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मेलेल्याला हुंकार देणारा माणूस जित्या पोराला हुंकार देईना. वाल्मिक समोर उभा राहून ओरडायचा, तर म्हातारा टोपलीला कामट्या घालत बसायचा. भिंतीशी भांडल्यावर निदान भिंतीचा चुना तरी पडतो.

मग डायरेक्टरने काय काय केलं नाही. एक अख्खा सिनेमा काढला. तो तीन दिवस चालला, आणि तिसऱ्या दिवशी आत बसलेल्यांत निम्मे त्याचेच नट होते. सिनेमा पडला, तो राग आधीच्या रागावर चढला. त्यानंतर त्याने नाचगाणी सोडली आणि माहितीपट करायला घेतले. बोहाड्याच्या जत्रेत देवांची सोंगं निघतात त्यांच्यापुढे संबळ वाजवणाऱ्यांवर एक केला. भातलावणीच्या गाण्यांवर एक केला, त्यासाठी आठ दिवस गुडघाभर चिखलात उभा राहिला. पुण्यामुंबईच्या सभागृहांत ते दाखवतात म्हणे. लोक टाळ्या वाजवतात. एकदा एका सद्गृहस्थाने विचारलं की या संगीताला जरा आधुनिक ठेका दिला तर तरुणांपर्यंत नाही का पोचणार. वाल्मिक स्टेजवरून उतरून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मारामारी झाली नाही, पण पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

शेवटचा, मोठा माहितीपट थाळावर. चार वर्षं चालला होता. कासाराकडे थाळ घडताना, मेण वितळताना, कमळूबाबाचे भेगाळलेले पाय, डोंगरातल्या तिन्ही खिंडी, सगळं शूट झालं होतं. फक्त गाणं नव्हतं. मेलेलं माणूस नसताना कमळूबाबा गाणार नाही, आणि मेलेलं माणूस असलं की वाल्मिकला जवळ येऊ देणार नाही. हा आपला कोण आजारी आहे त्याची माहिती ठेवून. शेवटी असं झालं की वाल्मिक कोणाच्या तब्येतीची चौकशी करायला आला की घरचे म्हाताऱ्याला आत नेऊन दार लावून घ्यायचे.

आणि मग या वैशाखात सुदामच गेला. दुपारी टोपली विणता विणता खांबाला टेकला, तो टेकलेलाच राहिला. शब्द नाही, निरोप नाही. कामटी अर्धी विणलेली.

वाल्मिक रडला नाही. तो भडकला. तिरडीला बांबू आणायला उशीर केला म्हणून भावकीवर, रडतात म्हणून बायांवर, तिसऱ्या दिवशी ठेवलेल्या घासाला शिवायला वेळ लावला म्हणून कावळ्यावर. नवव्या दिवशी मुंडण केलेलं डोकं घेऊन कमळूबाबाच्या पडवीत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, उद्या थाळ लावायचा, आणि मी शूटिंग करणार. बाप माझा आहे, मला अडवून दाखवा.

कमळूबाबाने अडवलंच नाही. त्याने थाळ पुसता पुसता विचारलं, "शूटिंगचा डबा चालू ठेव तुझा. हुंकार कोण देल?"

"देईल कोणी तरी."

"माझा हुंकारवाला गेला. त्याच्या जागी त्याचा पोरगा बसल, नायतर थाळ लागाचा नाय. डबा पडू दे, जळू दे, तू उठाचा नाय."

वाल्मिकने दात खाल्ले, पण मान हलवली. मग स्वतःची अट टाकली. हल्ली दहाव्याला कमळूबाबा तासाभरात आटपायचा. लोकांना कामं असतात. वाल्मिक म्हणाला, तसलं नाही चालायचं, पुरा गायचा, बापाला तिन्ही खिंडी चालवायच्या, एक कडवं गाळायचं नाही. म्हातारा म्हणाला, पुरा म्हंजी दुपार होल. वाल्मिक म्हणाला, होऊ दे. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते गाणं अख्खं पदरात पडणार होतं आणि बापही रीतसर पोचणार होता. यात आपली काय चूक होतेय, हे त्याला तेव्हा दिसलं नाही.

दिसायला हवं होतं, कारण दुसऱ्या दिवशी ओहोळापलीकडे हळद होती आणि साउंड किशोरचा होता. वाल्मिक तसाच तिकडे गेला. ओहोळ ओलांडला नाही, सुतक होतं. या काठावरून ओरडून बोलला, त्यामुळे दोन्ही पाड्यांनी ते बोलणं ऐकलं. थाळ संपेपर्यंत मशीन बंद ठेव, म्हणाला. किशोरने समजुतीने विचारलं, किती वाजेपर्यंत? वाल्मिक म्हणाला, संपेपर्यंत म्हणजे संपेपर्यंत. किशोर म्हणाला, बाबा रे, मी सुपारी घेतलेला माणूस, मांडववाल्यांना टाइम द्यायला लागतो. अकरापर्यंत थांबतो, त्याच्यापुढं माझ्या हातात नाय. वाल्मिकने त्याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हटलं. तेव्हा मात्र किशोरचं डोकं फिरलं.

"मी काय नवीन वाजवणार हाय? गाणा तुझाच हाय, डायरेक्टर. तू केलास, मी नुसता वाजवतो."

वाल्मिक घरी येऊन सारिकावर ओरडला.

दहाव्याच्या सकाळी अंगणातल्या मांडवात थाळ लागला. कॅमेरा तिपाईवर, लाल दिवा चालू, आणि डायरेक्टर कॅमेऱ्याच्या पुढे, मांडी घालून, कमळूबाबासमोर. कॅमेरा हातात आल्यापासून तो पहिल्यांदाच त्याच्या या बाजूला बसला होता. थाळ घुमला. कमळूबाबाने सुदामचं नाव घेतलं. घोंगडी खुंटीला ठेवलीस का? हं. कोयता वळचणीला खोचलास का? हं. इथपर्यंत बरं चाललं. मग वाल्मिकचा चुलता बरोबर कॅमेऱ्यासमोर येऊन, भिंगाकडे पाठ करून, तंबाखू मळत उभा राहिला. तो चांगला अर्धा तास तिथून हलला नाही. वाल्मिकला दिसत होतं, आणि उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. एकच अक्षर त्याच्या हातात होतं. त्याने ते असं काही म्हटलं की चुलता दचकला, पण त्याला वाटलं पोराला बापाची आठवण आली. तो आणखी थोडा जवळ, आणखी मधोमध सरकला.

पहिली खिंड झाली. दुसरी झाली. ऊन मांडवात शिरलं. मांड्या बधिर झाल्या, वाल्मिकच्या टकलावरून घाम डोळ्यांत उतरला. तिसऱ्या खिंडीच्या चढाला कमळूबाबाचा आवाज बारीक झाला, आणि नेमके अकरा वाजले. किशोर शब्दाचा पक्का. अकराच्या ठोक्याला ओहोळापलीकडून धाड धाड ठेका आला आणि मागोमाग, 'निघाली गो निघाली, डोंगराचे पल्याड निघाली'.

चाल तीच. इकडे थाळ, तिकडे स्पीकर. कमळूबाबाच्या बोटांखालून जे हळूहळू निघत होतं तेच पलीकडून चौपट वेगाने नाचत येत होतं. बसलेल्यांनी माना खाली घातल्या. वाल्मिकचा उजवा गुडघा जमिनीवरून उचलला गेला. मागून सारिकाने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि अंगातलं सगळं वजन टाकलं. गुडघा खाली आला. कमळूबाबाने वेग वाढवला नाही, आवाज चढवला नाही. त्याची पुढची ओळ आली:

"निघतावक्ती, सुदामा, पोराशी बोललास का?"

हुंकार आला नाही.

कमळूबाबाची बोटं काडीवरून खाली उतरत राहिली. थाळ घुमत राहिला. पलीकडे पोरं शिट्ट्या मारत होती. म्हाताऱ्याने तीच ओळ पुन्हा गायली. चाळीस वर्षांत ही ओळ कधी दोनदा गावी लागली नव्हती. एक 'हं' म्हणायचं होतं. बाप अर्ध्या डोंगरात उभा होता आणि त्याला पुढे ढकलायला एक अक्षर पुरत होतं. पण ते खोटं होतं, आणि ते खोटं बापाच्या तोंडात घालायचं होतं.

"नाय," वाल्मिक म्हणाला. दातांतून, पण स्वच्छ. "नाय बोलला. नऊ वर्सं नाय बोलला."

एक म्हातारी 'आगं आई' म्हणाली आणि तिने पदर तोंडात कोंबला. आता कमळूबाबा थाळ उलथा करून उठणार, असंच सगळ्यांना वाटलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले. बोटांना नव्याने राख लावली. आणि गाण्यात कधी नव्हतं ते, त्याच चालीत, गायला लागला. आता तो सुदामला विचारत नव्हता. सुदामच्या तोंडून बोलत होता.

"पोराशी बोललो नाय, खरा हाय,
त्याचा गाणा वाजला तिथं मी गेलो.
मांडवाचे कडेला उभा राह्यलो,
मेलेल्याची वाट उघडी पडली होती,
कोणी तरी हुंकार द्याला होवा.
एकेक ओळीला दिला रे पोरा,
लगनं किती झाली, मी मोजली नाय."

यातलं काही पाड्याला नवीन नव्हतं. त्या पहिल्या लग्नानंतर ज्या ज्या लग्नात ते गाणं वाजलं त्या प्रत्येक लग्नात म्हातारा मांडवाच्या कडेला खांब धरून उभा असायचा आणि ओठ हलवत असायचा, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तोवर वाल्मिक तर ताट टाकून लांब गेलेला असायचा. आमच्या पाड्यावर कोणाच्या आमटीत मीठ जास्त झालं हेही तासाभरात घरोघर पोचतं. हीच एक बातमी वाल्मिकच्या कानावर कोणी घातली नाही, सारिकानेही नाही, कारण असल्या तोंडाच्या माणसाला सांगायला जाणार कोण. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजरा फिरवल्या.

कमळूबाबाने तिसऱ्यांदा विचारलं. पोराशी बोललास का?

वाल्मिकचं तोंड रागाने वेडंवाकडं झालं होतं. नाक वाहत होतं, ते पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

"हं," तो म्हणाला.

तिसरी खिंड ओलांडली, सुदाम डोंगराच्या पल्याड गेला, थाळ थांबला. वाल्मिक उठला आणि बधिर पायांनी तिथेच कोसळला. पुन्हा उठला, आणि कॅमेऱ्याकडे न बघता लंगडत सरळ ओहोळाकडे निघाला. आता किशोरचं काही खरं नाही म्हणून निम्मा दहावा त्याच्या मागून पळाला. पलीकडे गाणं तोवर दुसऱ्यांदा लावलं होतं. किशोरने टकलू मूर्ती काठावर येताना पाहिली, त्यालाही लाज होती, त्याने घाईघाईने मशीन बंद केलं. नाचणारे जागच्या जागी थांबले.

वाल्मिक ओहोळाच्या या काठावरून गरजला, "बंद कोणी कराला सांगितला? अर्ध्यात तोडतोस? लाव परत. पयल्यापासून लाव, नि पुरा वाजव."

किशोरने लावलं. न लावून सांगतो कोणाला. पोरं नाचायला लागली, आधी भीत भीत, मग विसरून. आणि डायरेक्टर काठावर उभा राहिला, मुठी आवळून, चेहऱ्यावर कोणाचा तरी खून करायचा भाव, आणि प्रत्येक ओळ संपली की ओठ हलायचे.

त्या शूटिंगमध्ये अर्धा तास चुलत्याची पाठ आहे आणि शेवटी डीजे आहे. मुंबईला एडिटिंग करणारी नम्रता म्हणाली, सर, तो डीजे साफ करून देते, काही ऐकू येणार नाही. सर फोनवर इतके ओरडले की तिने फोन लांब धरला, आणि डीजे आहे तसा राहिला. चुलत्याची पाठही राहिली. तिच्याबद्दल चुलता अजून सगळ्यांना सांगत असतो.

राग काही गेलेला नाही, कोणी तशी आशा धरू नये. आता तो लग्नात पंगतीतून उठतो तो मांडवाच्या कडेला खांबाशी जाऊन उभा राहतो, आणि डीजेवाल्याने मध्येच दुसरं गाणं जोडलं तर त्याच्या वायरी ओढतो. तालुक्यातले सगळे साउंडवाले त्याला शिव्या देतात आणि गाणं पुरं वाजवतात. किशोर तर माइकवरूनच सांगतो, डायरेक्टर आलेत, कोणी मध्ये दुसऱ्या गाण्याची फर्माईश करू नका. वाल्मिक खांबाशी उभ्याउभ्या त्याच्याकडे डोळे वटारून बघतो. शिवी द्यायला तोंड मोकळं नसतं.